खेचरांचा ताप आणि परळचं कॉलेज

पाऊस ओसरला की खाडीकाठच्या तबेल्यांत एक जुनं कोडं अधूनमधून डोकं वर काढतं. म्हैस वैरण खाते, रवंथ करते, तरी दिवसेंदिवस वाळत जाते. दूध आटतं. अंग तापलं म्हणून डॉक्टरांना बोलवावं, तर ते येईपर्यंत ताप उतरलेला असतो, आणि ‘पावसाळी ताप असेल’ म्हणून विषय संपतो. काही दिवसांनी ताप पुन्हा चढतो. कधी डोळ्यावर पांढरट झाक येते, कधी गाभण जनावर गाभडतं. वसई-विरार पट्ट्यात म्हशीच जास्त, म्हणून हे चित्र बरंचसं सौम्य दिसतं. तोच आजार घोड्याला झाला तर पोटाखाली आणि पायांवर सूज उतरते, मागचे पाय लटपटू लागतात आणि उपचार मिळाला नाही तर जनावर सहसा वाचत नाही. या आजाराला सर्रा म्हणतात.

सर्राचा उलगडा दुधासाठी झाला नाही, तो युद्धासाठी झाला. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांचं लष्कर घोडा, उंट आणि खेचर यांच्या पाठीवर चालत होतं आणि ही जनावरं मरत का आहेत हे शोधायचं काम लष्करी पशुवैद्यांकडे होतं. त्यांतले दोघे आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. ग्रिफिथ इव्हान्सने १८८० मध्ये सर्राचा जंतू शोधला आणि शंभर वर्षं जगला. जॉन हेन्री स्टीलने पाच वर्षांनी तोच जंतू पाहिला, त्याला चुकीच्या कुळात टाकलं आणि चाळिशी गाठायच्या आत मुंबईत वारला. तरीही इथल्या जनावरांच्या वैद्यकासाठी स्टीलचं आयुष्य अधिक उपयोगी ठरलं, असं मला वाटतं. बरोबर निदान करणं ही एक गोष्ट आहे आणि ते निदान टिकेल अशी सोय करणं ही दुसरी. ही दुसरी गोष्ट स्टीलने केली. हे पटण्यासाठी आधी आजार समजून घ्यायला हवा.

ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो

सर्राचा जंतू एकपेशीय आहे. लांबी मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढी, एका टोकाला चाबकासारखी शेपटी. ती हलवत तो रक्तात तांबड्या पेशींमधून वाट काढतो. त्याचं आजचं नाव ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी. हिवतापाचा जंतू तांबड्या पेशीच्या आत लपतो, हा मात्र उघड्यावर राहतो. रोगाशी लढणाऱ्या पेशी आणि प्रतिपिंडं रक्तात सतत फिरत असताना हा महिनोन्‌महिने जिवंत कसा राहतो, हे खरं कोडं आहे.

उत्तर त्याच्या अंगरख्यात आहे. त्याच्या सगळ्या पृष्ठभागावर एकाच जातीच्या प्रथिनाचे सुमारे एक कोटी रेणू दाटीवाटीने बसलेले असतात. शरीर हे प्रथिन ओळखतं आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. विरार लोकलमध्ये तिकीट तपासनीसाला ‘लाल शर्टवाले सगळे विनातिकीट आहेत’ एवढीच खबर मिळालेली आहे, अशी कल्पना करा. तो एकेक लाल शर्ट पकडून उतरवतो. पण बोरिवलीच्या आधीच त्यांच्यातल्या दोघांनी निळा शर्ट चढवलेला असतो. ते सुटतात, आणि या लोकलमध्ये ते स्वतःच्या प्रती काढत जातात, म्हणून थोड्या वेळात डबा निळ्या शर्टांनी भरतो. नवी खबर पोचून निळे पकडले जाऊ लागेपर्यंत कुणीतरी हिरवा घातलेला असतो. जंतूकडे अशा वेगवेगळ्या अंगरख्यांच्या शेकडो कृती जनुकांत साठवलेल्या असतात आणि एका वेळी तो एकच वापरतो. एका अंगरख्याचे जंतू वाढतात तेव्हा ताप चढतो, शरीर त्यांना मारतं तेव्हा उतरतो, आणि अंगरखा बदललेले मूठभर जंतू पुढच्या तापाची तयारी करत असतात.

आता तबेल्यातलं कोडं बरंच सुटतं. ताप नसलेल्या दिवशी रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला तर त्यात जंतू दिसेलच असं नाही, कारण तेव्हा ते फार थोडे असतात. म्हणून रक्त ताप चढलेला असताना घ्यावं लागतं. लस का निघाली नाही, याचंही उत्तर इथेच आहे. कोणत्या अंगरख्याविरुद्ध लस करणार? जनावर वाळतं ते रक्तक्षयामुळे. सततच्या या झटापटीत त्याच्या स्वतःच्या तांबड्या पेशीही मोठ्या प्रमाणावर नष्ट होतात. वैरण कितीही घाला, रक्तच उरत नसेल तर अंग भरणार कसं?

गोमाशी आणि चिखलाची कड

या जंतूची आफ्रिकेत भावंडं आहेत. झोपेचा आजार आणि गुरांचा नगाना हे रोग त्यांच्यामुळे होतात. त्यांना त्सेत्सी माशी लागते, कारण माशीच्या पोटात त्यांच्या आयुष्याचा एक टप्पा पूर्ण व्हावा लागतो. सर्राच्या जंतूने आपल्या जनुकसामग्रीचा एक भाग गमावला आहे आणि त्याबरोबर माशीच्या पोटात वाढण्याची क्षमताही गमावली आहे. हे नुकसान त्याच्या पथ्यावर पडलं. त्सेत्सीची गरज संपली, म्हणून आफ्रिकेची हद्दही संपली. आता त्याला कुठलीही मोठी चावरी माशी चालते.

आपल्याकडे हे काम मुख्यतः गोमाशी, म्हणजे टॅबॅनस, करते. तिचा दंश नाजूक नसतो. ती कातडी कापते आणि साठलेलं रक्त चाटते. जनावराला वेदना होते, ते शेपूट मारतं, कातडी थरथरवतं. अर्धवट जेवलेली माशी उठते आणि शेजारच्या दावणीवर बसते. तिच्या तोंडाला लागलेलं ओलं रक्त नव्या जखमेत जातं, त्याबरोबर जंतूही. लिओनार्ड रॉजर्स या संशोधकाने १९०१ मध्ये प्रयोगांनी दाखवलं की माशीने लगेच दुसऱ्या जनावराला चावा घेतला तरच रोग पसरतो. वेळ गेला की रक्त सुकतं आणि जंतू मरतो. त्यामुळे अंतराला महत्त्व आहे. दाटीने बांधलेली जनावरं या जंतूच्या सोयीची असतात, मग ती लष्कराच्या तळावरची खेचरं असोत की तबेल्यातल्या म्हशी. गोमाश्यांच्या अळ्या ओल्या चिखलात, पाणथळीच्या कडेला वाढतात. वसईची खाडी, वैतरणेचा काठ, खाजणं आणि भातखाचरं यांनी वेढलेल्या मुलखात त्यांना जागा शोधावी लागत नाही.

चौकट: सर्रा थोडक्यात

जंतू: ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी, रक्तात मोकळा फिरणारा एकपेशीय परजीवी.
कोणाला: घोडा, खेचर, उंट आणि कुत्रा यांना गंभीर, म्हैस आणि गाय यांना बहुधा छुपा, कधी अचानक तीव्र.
कसा पसरतो: गोमाशीसारख्या चावऱ्या माश्यांच्या तोंडाला लागलेल्या ताज्या रक्तातून.
लक्षणं: येणारा-जाणारा ताप, रक्तक्षय, वाळणं, दूध घटणं, सूज, गर्भपात.
तपासणी: ताप चढलेला असताना घेतलेलं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली.
उपाय: पशुवैद्याच्या सल्ल्याने क्विनापिरामिनसारखी औषधं, आजारी जनावर वेगळं बांधणं, माश्यांचा बंदोबस्त. लस नाही.

तोफ ओढणारं जनावर

वसईचा किल्ला पाहायला गेलेल्या माणसाला १७३९ सालचे चिमाजी आप्पांचे सुरुंग आठवतात, १७८० मध्ये इंग्रज सेनापती गोडार्डने लावलेल्या तोफाही आठवतात. त्या तोफा, दारू आणि धान्य ज्यांनी ओढून आणलं ते बैल कुणाला आठवत नाहीत. सेनापतींनाही फारसे आठवत नसत, आणि त्याची किंमत ते मोजत. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात ब्रिटिशांनी पाच लाखांहून अधिक घोडे वापरले आणि त्यांपैकी सव्वातीन लाखांच्या आसपास गमावले. शत्रूच्या गोळीने मेलेले त्यांत थोडेच. बाकीचे उपासमारीने, अतिश्रमाने आणि रोगाने गेले. त्या युद्धापूर्वी लष्करातलं पशुवैद्यकीय खातं अगदी तुटपुंजं ठेवलेलं होतं. नाचक्की झाल्यावर १९०३ मध्ये स्वतंत्र दल उभं राहिलं. पहिल्या महायुद्धात त्या दलाने सुमारे २५ लाख आजारी-जखमी जनावरं दाखल करून घेतली आणि त्यांतली जवळजवळ ८० टक्के पुन्हा कामावर पाठवली.

या आकड्यांकडे केवळ भूतदयेने पाहू नये. खेचर मेलं की त्याच्या पाठीवरचं धान्य आणि काडतुसं जागीच राहतात, आणि पुढची पलटण अडते. लष्करी पशुवैद्याला पगार मिळत असे तो या हिशेबासाठी. त्याचा वैज्ञानिक उपयोग मात्र वेगळाच झाला. एका जागी बांधलेली, नोंद असलेली, एकसारखं खाणारी शेकडो जनावरं दुसऱ्या कुठल्या वैद्याला अभ्यासायला मिळणार होती?

उंदराने घातलेला घोळ

दुसऱ्या अफगाण युद्धाच्या काळात, १८८० मध्ये, इव्हान्सला सरहद्दीजवळच्या डेरा इस्माईल खानला पाठवलं गेलं. तिथे घोडे आणि उंट सर्राने मरत होते. इव्हान्स पशुवैद्य होताच, शिवाय कॅनडात माणसांच्या वैद्यकाची पदवीही त्याने घेतली होती. आजारी जनावरांच्या रक्तात त्याला वळवळणारा जंतू दिसला. ते रक्त त्याने निरोगी जनावरांना टोचलं, आणि त्यांनाही तोच आजार झाला, त्यांच्याही रक्तात तोच जंतू आला. एखाद्या मोठ्या तपकिरी माशीच्या चाव्याने हा रोग होतो असं तिथले लोक सांगत, हेही त्याने नोंदवून ठेवलं.

वरिष्ठांनी ते मानलं नाही. याला निव्वळ आडमुठेपणा म्हणता येणार नाही, कारण त्यांच्याकडे एक बळकट युक्तिवाद होता. टिमथी लुईस या नामांकित संशोधकाने १८७८ मध्ये कोलकात्यातल्या उंदरांच्या रक्तात असेच जंतू पाहिले होते आणि ते उंदीर ठणठणीत होते. निरोगी प्राण्यातही जंतू सापडतो, तर मग रोगाचं कारण तोच हे कशावरून? रोगामुळे बिघडलेल्या रक्तात तो मागाहून वाढला नसेल कशावरून? प्रश्न रास्त होता. कॉखने क्षयाचा जंतू जाहीर केला तोही १८८२ मध्ये, म्हणजे जंतूमुळे रोग होतो हे मत तेव्हा सर्वमान्य व्हायचं होतं. चूक होती ती ‘सारखा दिसतो म्हणजे सारखाच’ या गृहीतकात. उंदरातला जंतू वेगळ्या जातीचा होता आणि उंदराशी त्याचं जमलेलं होतं. घोड्यातला जंतू घोड्याला मारतो की नाही याचा निकाल घोड्याला टोचूनच लागणार होता, आणि इव्हान्सने तो लावलेला होता. अहवाल फायलीत गेला. १९१७ मध्ये लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेने त्याला मेरी किंग्जली पदक दिलं तेव्हा तो ऐंशीच्या पलीकडे होता.

चुकलेला स्टील

१८८५ साली ब्रिटिश ब्रह्मदेशात लष्कराची सामान वाहणारी खेचरं एका अनोळखी तापाने मरू लागली. त्याच वर्षाच्या अखेरीस तिसरं इंग्रज-ब्रह्मी युद्ध झालं, मंडाले पडलं आणि थिबा राजाला पुढे रत्नागिरीत आणून ठेवलं गेलं. ही बाजू महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत असते, त्या मोहिमांच्या ओझ्याखाली मेलेल्या खेचरांची नसते. तपासाला गेलेला लष्करी पशुवैद्य होता जॉन हेन्री स्टील. तो १८५५ चा, म्हणजे तिशीतला. लंडनच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शरीररचना शिकवून आलेला. त्याला खेचरांच्या रक्तात जंतू दिसला. हा इव्हान्सचाच आजार असावा आणि जंतू हेच त्याचं कारण, असं त्याने लिहिलं. ताप उलटून उलटून येतो हे पाहून त्याने तो माणसांतल्या उलटून येणाऱ्या तापाच्या जंतूच्या कुळात, स्पायरोकीटांत, घातला. वर्गीकरण चुकलं. पुढच्या काही वर्षांत इतरांनी ते दुरुस्त केलं. मात्र त्याने जंतूला दिलेलं ‘इव्हान्सी’ हे नाव कायम राहिलं. वरिष्ठांनी ज्याचं म्हणणं बाजूला सारलं होतं, त्याचं नाव एका कनिष्ठ सहकाऱ्याने जंतूलाच जोडून टाकलं. वैज्ञानिक सभ्यतेचं हे उदाहरण मला वर्गीकरणातल्या चुकीपेक्षा मोठं वाटतं.

इव्हान्सच्या अहवालाचं जे झालं ते इतरांच्या अहवालांचं होऊ नये, याची व्यवस्था स्टील आधीपासून करत होता. १८८२ मध्ये त्याने फ्रेडरिक स्मिथ या लष्करी पशुवैद्याबरोबर भारतातलं पशुवैद्यकाचं त्रैमासिक सुरू केलं. म्हणजे दूरच्या छावणीतल्या माणसाने पाहिलेलं दुसऱ्या छावणीतल्या माणसाला वाचता येऊ लागलं. गाय-बैल, हत्ती, उंट, मेंढी, कुत्रा, अशी एकेका प्राण्याच्या रोगांवर त्याने पुस्तकं लिहिली. लष्करात तेव्हा घोड्याची प्रतिष्ठा होती. घोड्याखेरीज इतक्या जनावरांवर लिहिणारा लष्करी पशुवैद्य विरळाच.

मग १८८६ मध्ये परळला बॉम्बे व्हेटरनरी कॉलेज सुरू झालं आणि स्टील त्याचा पहिला प्राचार्य झाला. जागा तयारच होती. सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून त्यांच्या पत्नीच्या नावाने उभं राहिलेलं बाई साकरबाई जनावरांचं रुग्णालय तिथे चालू होतं, त्यामुळे विद्यार्थ्यांना पहिल्या दिवसापासून पुस्तकाबरोबर जनावरही समोर मिळालं. पाच वर्षंही पुरती झाली नव्हती तोच, १८९१ मध्ये, प्राचार्यपदावर असताना स्टील मरण पावला. ब्रिटनमधल्या पशुवैद्यांच्या रॉयल कॉलेजने त्याच्या नावाने पदक ठेवलं.

हे सगळं साम्राज्यासाठीच नव्हतं का?

असा आक्षेप कुणी घेईल, आणि तो अर्धा खरा आहे. परळहून शिकून निघालेल्या हिंदी पदवीधरांना लष्करात आणि सरकारी खात्यात बहुधा दुय्यम जागा मिळत, वरच्या जागा विलायतेतून आलेल्यांसाठी राखीव असत. रयतेच्या बैलाकडे सरकारचं लक्ष जाई तेही बहुतेक बुळकांडी या गुरांच्या रोगाची साथ पसरून महसूल बुडू लागल्यावर. पण हा आक्षेप हेतूवर आहे, परिणामावर नाही. अहवाल वरिष्ठाच्या मर्जीवर अवलंबून असतो. कॉलेजात ज्ञान दर वर्षी नव्या माणसांच्या हाती जातं आणि ती माणसं कुठे जातील यावर संस्थापकाचा ताबा राहत नाही. परळहून शिकलेले लोक संस्थानांत गेले, नगरपालिकांत गेले, जिल्ह्याच्या दवाखान्यांत गेले. घोडदळ संपलं, कॉलेज राहिलं. आज ते महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली आहे, आणि बुळकांडी तर २०११ मध्ये जगातूनच हद्दपार झाल्याचं जाहीर झालं.

दुसरा आक्षेप अधिक नेमका आहे. स्टील नसता तरी सर्राचं ज्ञान पुढे गेलंच असतं. १८८९ मध्ये पुण्यात सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा निघाली, तिथे आल्फ्रेड लिंगार्डने घोड्यांच्या सर्रावर काम केलं, आणि पुढे तीच संस्था मुक्तेश्वरला गेली, जिथे रॉजर्सने माशीचा प्रयोग केला. हे मान्य आहे. पण प्रयोगशाळा जंतू ओळखते, दावणीतलं जनावर ओळखत नाही. ताप चढलेल्या वेळी रक्त घ्यायचं, काचपट्टी करायची, आजारी जनावर वेगळं बांधायचं, हे सगळं गावोगाव करायला शिकलेली माणसं लागतात, आणि तशी माणसं घडवायचं ठिकाण पश्चिम भारतात तेव्हा परळ होतं.

चंद्रपूर, २००४

काचपट्टीची ही गोष्ट जनावरांपाशी थांबत नाही. सर्रा माणसाला होत नाही, असं शंभरावर वर्षं मानलं जात होतं. आपल्या रक्तात एपीओएल-१ नावाचं प्रथिन असतं. ते जंतूच्या पोटात शिरतं, तिथल्या आवरणाला छिद्रं पाडतं आणि जंतू फुगून फुटतो. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिवनी गावच्या एका गुराखी शेतकऱ्याला महिनोन्‌महिने येणारा-जाणारा ताप होता. त्याच्या रक्ताच्या काचपट्टीवर ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी दिसला. पुरेशा पुराव्याने सिद्ध झालेला माणसातला हा पहिला सर्रा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने त्याला सुरामिन दिलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत तयार झालेलं हे औषध आहे. तो बरा झाला. नंतरच्या तपासात कळलं की आई आणि वडील अशा दोघांकडूनही एपीओएल-१ चं बिघडलेलं जनुक त्याला मिळालं होतं, त्यामुळे ते प्रथिन त्याच्या रक्तात नव्हतंच.

मग गावातल्या १,८०० हून अधिक लोकांचं रक्त तपासलं गेलं, तेही जनावरांमधल्या सर्रासाठी बनवलेल्या चाचणीने, कारण माणसांसाठी वेगळी चाचणी करण्याची वेळ कधी आलीच नव्हती. कुणाच्याही रक्तात जिवंत जंतू सापडला नाही. पाचांतल्या एकाहून अधिक लोकांत मात्र त्याच्याविरुद्धच्या प्रतिपिंडांच्या खुणा मिळाल्या. गोमाशी त्या गावात गुरांपाशी थांबत नसावी; माणसांच्या अंगात जंतू टोचला जात असावा आणि बहुतेकांच्या रक्तात एपीओएल-१ त्याला निकालात काढत असावं, असाच त्याचा अर्थ लागतो.